मनिऑर्डरीचे दिवस आणि न फिटलेले ऋण

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा मजकडे लेख मागितला, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी जुन्या अकरावीची परीक्षा उत्तीर्ण झालेला एक सामान्य प्राथमिक शिक्षक. इतिहाससंशोधकाची साधने मजपाशी नाहीत आणि विद्वत्तेचा दावा तर मुळीच नाही. परंतु सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात जे पाहिले, वडीलधाऱ्यांकडून जे ऐकले आणि सेवानिवृत्तीनंतर जे थोडेबहुत वाचले, त्याची जुळणी करून ज्ञातिबांधव व भगिनींपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विषय मला एका तरुण ज्ञातिभगिनीने दिला. गेल्या वार्षिक मेळाव्यात मी चार शब्द बोललो, त्यांत आपण एकमेकांविषयी कृतज्ञ राहावे असे काहीसे होते. कार्यक्रम संपल्यावर ती मजकडे आली आणि म्हणाली, ''गुरुजी, तुमचे म्हणणे पटते. पण आम्ही दोघे सकाळी सातला घर सोडतो, रात्री आठला परततो. घराचे हप्ते, मुलांची फी, सासूबाईंचे औषध, यांत महिना कधी सरतो कळत नाही. आभार मानायला सवड तरी कुठे आहे?'' प्रश्न प्रामाणिक होता. मी त्या वेळी हसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनात राहिला. सवड नाही आणि पैसाही नाही, अशा स्थितीत आपल्या आजा-आजींनी काय केले, हे पाहिल्यावाचून त्याचे उत्तर देता येणार नाही असे मला वाटले. तेव्हा आरंभ तेथूनच करू.

कसालची माती आणि मुंबईची वाट

आमचे कसाल गाव मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कणकवली आणि कुडाळ यांच्या दरम्यान आहे. येथील तिठ्यावरूनच कट्टा, चौके अशा गावांतून मालवणास जाणारा रस्ता फुटतो. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण झाला आणि त्याचे मुख्य ठाणे आमच्या शेजारी ओरोस येथे आले. आज तिठ्यावर दुकानांची गर्दी आहे, वाहनांची ये-जा अखंड चालू असते. परंतु हे वैभव अगदी अलीकडचे.

जांभ्या दगडाची ही भूमी. पाऊस अमाप, पण पाणी थांबत नाही. भाताची एक लावणी पावसात होते, जेथे झऱ्याचे पाणी मिळे तेथे वायंगण होई. वरकस जमिनीत नाचणी, वरी आणि कुळीथ. जमिनीचे तुकडे लहान, वाटेकरी अनेक. दोन-चार कणग्या भरल्या तरी ज्येष्ठ-आषाढापर्यंत धान्य पुरेल अशी घरे थोडी. पुष्कळांच्या चुली पेजेवर आणि कुळथाच्या पिठीवर चालत. त्यामुळे आपल्या लोकांना घराबाहेर पडणे भागच होते.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापड गिरणीची स्थापना केली व १८५६ साली ती चालू झाली. पुढे लालबाग, परळ, वरळी या भागांत गिरण्यांची धुराडी उभी राहिली आणि त्या चालविणाऱ्या हातांत रत्नागिरी जिल्ह्यातील, म्हणजेच आपल्या आजच्या सिंधुदुर्गातील, हात फार मोठ्या संख्येने होते. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी पोलिसांत, कोणी लष्करात गेला. मालवण बंदरातून आगबोटीने मुंबई गाठावी, पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की घाट चढून कोल्हापूरच्या बाजूने जावे, असा तो प्रवास. जो जाई तो 'चाकरमानी' झाला. वर्षातून एकदा गणेशचतुर्थीला, साधले तर शिमग्यालाही, तो गावी येई. एरवी त्याचे येणे म्हणजे त्याची मनिऑर्डर.

पोस्टमनची वाट

हिंदुस्थानात टपाल खात्याने मनिऑर्डरीचे काम १८८० साली आपल्या हाती घेतले. योगायोग असा की, रत्नागिरी जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी गॅझेटियरचा खंडही त्याच १८८० सालचा आहे आणि येथील लोक रोजगारासाठी मुंबईस जातात याची नोंद त्यात केलेली आहे. माणसे जात होती आणि त्यांची कमाई घरी पोहोचविण्याचा भरवशाचा मार्ग त्याच सुमारास खुला झाला. पुढे शंभर वर्षे कोकणातील संसार या मार्गावर चालले. 'मनिऑर्डरीवर जगणारा प्रांत' असे कोणी आपल्याला हिणवीत असे. पण त्या कागदाच्या तुकड्यामागे काय होते हे हिणविणाऱ्यास ठाऊक नव्हते.

त्या फॉर्मच्या खालच्या बाजूस एक लहान कूपन असे. पैसे पाठविणाऱ्याने तेथे दोन ओळी लिहाव्यात अशी सोय होती. माझे वडील साळखात्यात कामाला होते. तीस रुपये पाठवीत तेव्हा त्या दोन ओळींत ते सारा संसार बसवीत. तांदूळ किती घ्यावा, वाण्याचे किती द्यावे, धाकटीच्या खोकल्याला काय करावे आणि शेवटी 'काळजी नसावी'. आईला अक्षर येत नव्हते. पोस्टमन पडवीत बसे, साक्षीदार म्हणून शेजारचे आजोबा येत, आई डाव्या हाताचा अंगठा उमटवी आणि कूपन मी वाचून दाखवीत असे. मी त्या वेळी मराठी तिसरीत होतो. माझ्या वाचनाचा पहिला उपयोग घराला झाला तो असा.

पैसे हाती आले म्हणजे आजी म्हणे, ''घामाचे पैशे आसत, आदी देवाफुडे ठेव.'' त्या नोटा देवासमोर क्षणभर ठेवल्याखेरीज एक आणाही खर्च होत नसे. पोस्टमनला गूळ-पाणी दिल्याखेरीज तो उठत नसे. या दोन्ही कृतींना मिळून पाच मिनिटे लागत असतील. नंतर आई पुन्हा तरवा काढायला चिखलात उतरे. सवड तिला नव्हतीच. परंतु हा पैसा कोणाच्या श्रमाचा आणि तो कोणाच्या पायांनी आला, हे त्या पाच मिनिटांत घरातल्या लहान पोरालासुद्धा कळत असे.

आपल्या चालीरीतींतही हेच आढळेल. नव्याच्या दिवशी भाताच्या नव्या लोंब्या आणि आंब्याची पाने घेऊन आपण त्या दाराला, तुळशीला, गोठ्याला, नांगराला आणि धान्याच्या कणगीलाही बांधतो. दिवाळीच्या पाडव्याला गुरांना न्हाऊ घालून सजवितो. ज्याने ज्याने हे अन्न घरात आणण्यास हात लावला, त्या प्रत्येकापाशी जाऊन ते सांगायचे, मग तो मुका नांगर का असेना. कृतज्ञता हा शब्द मी शाळेत मुलांना फोडून दाखवीत असे. 'कृत' म्हणजे केलेले आणि 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले हे जो जाणतो तो कृतज्ञ. आभाराचे शब्द उच्चारणे ही पुढची पायरी. आधी जाणणे आले.

उलट दिशेने जाणारे तांदूळ

येथवर वाचून कोणास असे वाटेल की मुंबई देत होती आणि गाव घेत होते. इतिहास मात्र निराळे सांगतो.

मुंबईतील गिरणी कामगारांचे जीवन सुखाचे कधीच नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई भडकली, १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली आणि जानेवारी १९१९ मध्ये मजुरीसाठी मोठा संप झाला. १९२८ सालचा सार्वत्रिक संप तर सुमारे सहा महिने चालला. जागतिक मंदीच्या काळात मजुरीत कपात झाली, त्यावरून १९३४ साली पुन्हा संप झाला. सहा महिने पगार नाही अशा स्थितीत हे कामगार जगले कसे? त्याचे एक उत्तर वाण्याची उधारी हे आहे आणि दुसरे उत्तर आपली गावे हे आहे. संप लांबला की कामगार बोचके बांधून गावी येत. वर्षभर ज्या घराला तो पोसत असे, ते घर त्या दिवसांत त्याला पोसत असे. जमिनीचा तो लहानसा तुकडा बायकांनी पडीक पडू दिला नव्हता म्हणूनच हे शक्य झाले.

दुसऱ्या महायुद्धातही असाच प्रसंग आला. १९४२ च्या आरंभी रंगून पडले आणि ब्रह्मदेशाच्या ज्या तांदळावर मुंबई व कोकण यांची भिस्त होती तो यावयाचा बंद झाला. १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झाले. त्या काळी गावाहून परत जाणाऱ्या चाकरमान्याच्या ट्रंकेत कपडे थोडे आणि कुळीथ, सोले, सुके बांगडे, तांदूळ हेच अधिक असे, असे माझे वडील सांगत. ते स्वतः १९४४ साली, अठराव्या वर्षी, मुंबईस गेले. गावात धान्याची चणचण असतानाही आजीने कणगीच्या तळाचे दोन पायली तांदूळ त्यांच्या पिशवीत ओतले होते. ही आपली उलट दिशेने जाणारी मनिऑर्डर होय. तिला पावती नव्हती, कूपन नव्हते, म्हणून तिचा इतिहास कोणी लिहिला नाही.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला आणि पाठोपाठ विलक्षण महागाई. रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळे, त्याच्या भाकरीची चव माझ्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते आदी नेत्यांच्या पुढाकाराने हजारो गृहिणी लाटणी हाती घेऊन रस्त्यावर आल्या. गावातल्या आमच्या आयांनी मोर्चे काढले नाहीत. त्यांनी स्वतःच्या ताटातील पेज पातळ केली. पोरांना वाटे, आई मागून जेवते ही घरची रीतच आहे. मागून जेवणाऱ्या माणसाला किती उरते, हे आम्ही कधी डोकावून पाहिले नाही. माझ्या पिढीची ही चूक मी येथे नमूद करून ठेवतो.

खानावळवाल्या बायका

चाकरमानी मुंबईत एकटा राहत असे. एका खोलीत वीस-पंचवीस गावकरी, पाळीपाळीने झोपणारे. त्यांना घरचे जेवण मिळे ते खानावळीत. गिरणगावातील या खानावळी बहुधा बायका चालवीत. त्यांतील कित्येक विधवा होत्या, कित्येकींचे नवरे आजारी वा बेकार होते. पहाटे उठून पाणी भरायचे, दहा-बारा फुटांच्या खोलीत वीस माणसांचा स्वयंपाक करायचा, पाळ्यांच्या वेळा सांभाळायच्या. कामगार महिन्याच्या पगाराला पैसे देत. महिनाभराचा किराणा मात्र बाईला उधारीवर किंवा सावकाराच्या व्याजाने आणावा लागे. प्रसंगी मंगळसूत्रही गहाण पडे.

या बायकांचे श्रम ओळखले ते प्रेमाताई पुरव यांनी. गोवामुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या आणि पुढे कामगार चळवळीत काम केलेल्या या बाईंनी १९७५ साली मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि खानावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली. सावकाराच्या दारातून त्यांची सुटका करण्याचा हा मोठा उपक्रम ठरला. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली. आपल्या कित्येकांचे वडील व आजे ज्या ताटावर जगले, त्या ताटाचा असा सन्मान झाला ही आनंदाची गोष्ट आहे.

गिरणगावाच्या कृतज्ञतेचे आणखी एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. गंगाराम सुर्वे आणि त्यांची पत्नी काशीबाई या गिरणीत काम करणाऱ्या दांपत्याने एक अनाथ मूल उचलून घरी आणले आणि वाढविले. स्वतःचा संसार ओढाताणीचा असताना त्यांनी हे केले. ते मूल म्हणजे कवी नारायण सुर्वे. त्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा संग्रह १९६२ साली निघाला, पुढे १९९८ साली पद्मश्री मिळाली, आणि २०१० साली ते गेले. मोठे मानसन्मान ज्या नावाने आले ते नाव एका गिरणी कामगाराने दिलेले होते, आणि ते त्यांनी अखेरपर्यंत अभिमानाने मिरविले. ऋण मानण्याचा याहून साधा आणि टिकाऊ मार्ग कोणता?

एक जुनी वही

आता थोडे स्वतःविषयी लिहितो. आत्मस्तुतीसाठी नव्हे, यांत स्तुती करण्याजोगे काही नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेलाच नाही. माणसे मात्र हळूहळू पांगली. माझे वडील त्या वेळी छप्पन वर्षांचे होते. जून उजाडेपर्यंत त्यांनी वाट पाहिली आणि पावसाच्या तोंडावर ते गावी परतले ते कायमचेच. मी तेव्हा तीन वर्षे शिक्षकाची नोकरी करीत होतो. त्या महिन्यापासून घरची मनिऑर्डर थांबली आणि माझ्या पगारावर सात माणसे जेवू लागली.

वडील १९८७ साली वारले. त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली तेव्हा आत एक वही सापडली. तिच्या शेवटच्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरांत लिहिले होते: 'खानावळ, जानेवारी ते मे, बाकी रु. ४३५.' खाली बाईंचे नाव आणि चाळीचा पत्ता. संपाच्या पाच महिन्यांत त्या बाईंनी वडिलांना दोन वेळा जेवू घातले होते आणि एक पैसाही मागितला नव्हता. वडिलांनी ही गोष्ट आम्हांस कधी सांगितली नाही. त्यांना ती सांगवली नसावी.

वही वाचताच मी मुंबईस जाऊन पैसे द्यावयास हवे होते. चारशे पस्तीस रुपये ही रक्कम जड होती, पण अशक्य नव्हती. परंतु बहिणीचे लग्न होते, घराचे छप्पर काढायचे होते, मुले लहान होती, शाळेत निरनिराळ्या गणना आणि निवडणुकीची कामे होती. 'पुढच्या सुटीत जाऊ' असे म्हणत नऊ वर्षे गेली. १९९६ च्या मे महिन्यात एका लग्नानिमित्त मुंबईस गेलो तेव्हा शोधत शोधत त्या चाळीत पोहोचलो. बाई दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या.

त्यांच्या सूनबाईंनी मला बसविले, चहा दिला. मी वही दाखविली आणि हजार रुपये पुढे केले. त्यांनी फळीवरून सासूबाईंची जुनी वही काढली, नाव शोधले, चारशे पस्तीस रुपये मोजून घेतले आणि उरलेले परत केले. ''व्याज आम्ही लावीत नाही,'' एवढेच त्या म्हणाल्या. नंतर वडिलांच्या नावासमोर त्यांनी 'पावले' असे लिहिले. मी उठताना म्हणाल्या, ''संपाच्या वेळचे पैसे द्यायला येणारे तुम्ही पाचवे.'' त्या पानावर आणि मागल्या-पुढल्या पानांवर किती नावे होती, ते मी पाहिले होते. त्यांतली कित्येक आपल्या पंचक्रोशीतील होती. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही; त्यांतील अनेकांच्या घरी चूल पेटत नव्हती. परंतु ज्यांची पुढे बरी स्थिती झाली, त्यांच्या घरी ती गोष्ट मुलांना सांगितली गेली असती, तर ती पाने इतकी भरलेली राहिली नसती.

गावी परतल्यावर मी ही हकीकत आईला सांगितली. मनात थोडी फुशारकी होती हे कबूल करतो. आई पडवीत सुपारी कातरीत होती. तिने सारे ऐकून घेतले आणि मान वर न करता विचारले, ''बरा केलंस. आणि माजा खाता खंयच्या वहीत आसा रे?''

मला उत्तर देता आले नाही. तिने ते रागाने विचारले नव्हते; थोडे हसूही होते. परंतु अडतीस वर्षे मी तिच्या हातचे खाल्ले, तिच्या अंगठ्याने आलेले पैसे खर्चिले, तिने राखलेल्या तांदळावर संपाचे पावसाळे काढले, आणि त्याची एक ओळही कोठे लिहिलेली नव्हती. त्यानंतर तीन वर्षे ती होती. त्या तीन वर्षांत मी दर महिन्याचा पगार आणून प्रथम तिच्या हाती देत असे आणि ती तो देवापुढे ठेवीत असे. यापलीकडे मला काही सुचले नाही. १९९९ साली ती गेली.

आजचे संसार

कोकणातल्याच पालगडचे साने गुरुजी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहीत होते. गरिबीतल्या आईचे श्रम मुलाने जाणावेत आणि जगाला सांगावेत, हेच त्या पुस्तकाचे मर्म नव्हे काय? १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रीय पारितोषिकाचे पहिले सुवर्णपदक मिळाले. आपण सर्वांनी ते पुस्तक वाचले, डोळे पुसले, आणि बहुधा पुढल्या खोलीत काम करणाऱ्या आपल्या आईला पाणी आणावयास सांगितले.

आता काळ पालटला आहे. १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी कोकण रेल्वे सर्व मार्गावर खुली झाली आणि मुंबई एका रात्रीवर आली. टपाल खात्याने जुन्या पद्धतीची मनिऑर्डर २०१५ साली बंद केली. आता पैसा मोबाइलवरून क्षणात पोहोचतो. सोय झाली यात संशय नाही; परंतु तो पैसा कोणाच्या पायांनी आला हे आता दिसत नाही. त्याला कूपन नाही, 'काळजी नसावी' या दोन शब्दांना जागा नाही. तसेच जेवण डब्यात येते, पण ते करणारा हात दिसत नाही. आजच्या कुटुंबांत कृतज्ञता कमी झाली असेल तर ती माणसे वाईट झाली म्हणून नव्हे. एकमेकांचे श्रम दृष्टीआड झाले म्हणून होय.

२०२० साली करोनाच्या टाळेबंदीत याची परीक्षा झाली. मुंबईतील हातांचे काम गेले आणि संपाच्या काळाप्रमाणेच चाकरमानी गावी परतले. गावोगावच्या शाळांतून त्यांच्या विलगीकरणाची सोय करावी लागली. पुष्कळ घरांनी पेजेचे टोप शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचविले. परंतु 'मुंबईकरांना गावात घेऊ नका' असा सूरही काही ठिकाणी निघाला, हे विसरून चालणार नाही. भीती होती, ती समजण्याजोगी होती. तरीही ज्या देवळाचे कळस, ज्या शाळांच्या इमारती आणि ज्या घरांची कौले त्यांच्या मनिऑर्डरींतून उभी राहिली, त्या गावाने क्षणभर का होईना दार लोटून घ्यावे, हे ऐकून मला त्या खानावळीच्या वहीची आठवण झाली.

तेव्हा त्या तरुण भगिनीच्या प्रश्नाकडे परत येतो. मुली, आभार मानायला सवड लागत नाही. तुझ्या पणजीला तुझ्याहून कमी सवड होती. लागते ती माहिती. आपले घर कोणाकोणाच्या श्रमावर उभे आहे याची माहिती घरातल्या प्रत्येकाला असली पाहिजे. पगार जमा झाला म्हणजे त्या रात्री जेवताना मुलांना सांगावे की बाबा कोणते काम करतात, आई कोणते काम करते, आजी घर सांभाळते म्हणून दोघांना बाहेर पडता येते, आणि गावचा काका मळे राखतो म्हणून चतुर्थीला आपल्याला जावयास घर आहे. हप्ते त्याने फिटणार नाहीत. पण हप्ते फेडणारा माणूस एकटा नाही, एवढे त्या ताटावर बसलेल्या सर्वांना कळेल. आणि कठीण दिवसांत माणसाला एवढे कळणे फार मोठे असते.

शेवटी कार्यकारी मंडळास एक नम्र सूचना. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी देणगीदारांची यादी असते, ती असावीच. मजपाशी असलेले काही जुने अंक मी चाळून पाहिले; त्या याद्यांत बायकांची नावे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. कारण देणगी देणाऱ्याच्या हाती पैसा होता, आणि तो पैसा उरावा म्हणून मागून जेवणारीच्या हाती काही नव्हते. पुढील अंकापासून एक-दोन पाने अशी ठेवावीत की, जीवर प्रत्येक सभासद कुटुंबाने केवळ एक नाव आणि एक ओळ लिहावी. ज्या व्यक्तीने कठीण काळात आपले घर तारले, तिचे नाव आणि तिने काय केले ती ओळ. ती व्यक्ती आपल्या ज्ञातीचीच असावी अशी अट घालू नये. भुकेल्याला ताट वाढणाऱ्या बाईने आमच्या वडिलांची ज्ञाती विचारली नव्हती. हयात असेल तर फारच उत्तम. तिला तो अंक नेऊन दाखविता येईल. या पानांसाठी एक पैसाही घेऊ नये.

ही सूचना मान्य झाल्यास त्या पानावरील पहिल्या दोन ओळी मी आताच लिहून ठेवल्या आहेत. एक त्या खानावळवाल्या बाईंची. दुसरी आईची. तिचे खाते कोणत्या वहीत आहे, हे तिला सांगावयाचे राहून गेले. निदान आपल्या मुलाबाळांना तरी सांगता यावे, एवढीच इच्छा.

सर्व ज्ञातिबांधव व भगिनींस सुख-समाधान लाभो, अशी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.